भरावाखालचं चित्र

पनवेलहून उलव्याच्या बाजूला दहा वर्षांपूर्वी ज्यांचं जाणं-येणं होतं, त्यांना तिथला डोंगर आठवत असेल. उंची सुमारे ९२ मीटर. प्रबळगडापुढे किंवा कर्नाळ्याच्या सुळक्यापुढे ते टेकाडच. पण भोवती खाडी, खाजण आणि भाताची खाचरं, सगळंच सपाट. त्यामुळे एवढासा डोंगरही लांबून नजरेत भरायचा. आता तो नाही. सुरुंग लावून तो फोडला आणि निघालेला दगड शेजारच्या पाणथळ जमिनीत टाकून ती उंच केली. उलवे नदीचा प्रवाहही वळवला. त्या जागेवर उभ्या राहिलेल्या नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमानं उडू लागली.

म्हणजे डोंगर कुठे गेला नाही. उभा होता, तो आडवा झाला. तळाशी खाजण, त्यावर डोंगराचा भराव, त्यावर काँक्रीट असे थर ११६० हेक्टरांच्या त्या प्रकल्पात आता एकावर एक बसले आहेत.

अशा जागेचं चित्र काढायचं तर कसं? निसर्गचित्रकार जागेवर जातो, समोरचं दृश्य बघतो आणि कागदावर उतरवतो. इथे समोर बघायला धावपट्टी आहे. चित्रात आणायची गोष्ट तिच्या खाली आहे आणि काही माणसांच्या डोक्यात आहे. या अडचणीवर आधुनिक चित्रकलेत एक वाट सापडते. प्रदर्शनात चित्राखालच्या पट्टीवर तिचं नाव वाचायला मिळतं: ‘मिश्र माध्यम’. बरेच प्रेक्षक ते वाचून पुढे सरकतात. तैलरंग किंवा जलरंग म्हटलं की काहीतरी कळतं. मिश्र माध्यम म्हणजे नेमकं काय, हे पट्टी सांगत नाही.

अर्थ सोपा आहे. एकाच चित्रात रंगाबरोबर दुसरं काहीही वापरलं, म्हणजे कागदाचे कपटे, कापड, माती, कोळसा, दोरा, छायाचित्र, तर ते मिश्र माध्यमातलं चित्र. युरोपात या वाटेची सुरुवात बहुतेकदा पिकासोपासून सांगतात. १९१२ साली त्याने एका लंबगोल कॅनव्हासवर खुर्चीच्या वेताची जाळी छापलेलं मेणकापड चिकटवलं आणि चौकटीच्या जागी चक्क दोरखंड गुंडाळला. वेताची जाळी रंगवण्यापेक्षा बाजारात मिळणारं जाळीचं कापडच आणून लावलं, एवढाच तो बदल. पण त्यामुळे वस्तूचं चित्र आणि प्रत्यक्ष वस्तू यांच्यातली भिंत पडली. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत आन्सेल्म किफरसारख्या चित्रकाराने गवताच्या काड्या, राख आणि शिसं कॅनव्हासवर आणलं. जळालेल्या देशाची आठवण त्याला नुसत्या रंगात पुरेशी वाटेना.

महाराष्ट्रातल्या माणसाला यात फार नवल वाटायचं कारण नाही. पालघर जिल्ह्यातल्या वारली घराची कुडाची भिंत घ्या. कारवीच्या काठ्या, त्यावर शेणमातीचा लेप, त्यावर गेरू आणि सगळ्यात वर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेघा. कुंचला म्हणजे टोक ठेचलेली बांबूची काडी. रानातली काठी, गोठ्यातलं शेण, डोंगराची माती आणि शेतातलं भात असं सगळं त्या भिंतीत असतं. चित्र ज्या जागेचं, सामानही त्याच जागेचं.

आणि त्या चित्राला गाणं लागतं. लग्नात सुवासिनी ‘चौक’ लिहितात, त्यात पालघाट देवी बसते. लग्न लावणारी ‘धवलेरी’ ही बाई असते आणि तिचे विधी गाण्यातून चालतात. वारली चित्रांमधलं सर्वांच्या ओळखीचं दृश्य म्हणजे तारपा नाच: मधे दुधी भोपळा आणि बांबूचा तारपा वाजवणारा, भोवती गोगलगाईच्या शंखासारखी वळत गेलेली माणसांची साखळी. नाचताना तारप्याकडे पाठ करायची नाही, असा दंडक. चित्रातली ती वळणारी रेघ हा नाचाचा नकाशाच आहे. सूर दिसत नाही, पण त्याच्याभोवती माणसं कशी फिरली ते दिसतं.

ही चित्रं भिंतीवरून कागदावर आली ती सत्तरच्या दशकात. केंद्र सरकारच्या विणकर सेवा केंद्रात काम करणारे चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूच्या बाजूला गेले आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांची चित्रं शहरापुढे आली. मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. त्यांनी रंगवलेलं मासेमारीचं जाळं जवळून पाहावं. शेकडो बारीक रेघांची जाळी कागदभर पसरलेली असते आणि बघता बघता ती हलते आहे असं वाटू लागतं.

त्याच विणकर सेवा केंद्रात आणखी एक चित्रकार नोकरीला होता: प्रभाकर बरवे. जन्म १९३६, अलिबागजवळच्या नागावचा. म्हणजे पनवेलच्याच जिल्ह्यातला, जो तेव्हा कुलाबा जिल्हा होता. सासवण्याचे शिल्पकार वि. पां. करमरकर हे त्यांच्या नात्यातले. साठच्या दशकात बरवे काही वर्षं बनारसच्या केंद्रात होते, मग मुंबईला आले. पुढे त्यांनी तैलरंग बाजूला ठेवून एनॅमल पेंट हातात घेतला. दारं, खिडक्या, दुकानांच्या पाट्या रंगवायला डब्यातून मिळतो तो. हा रंग गुळगुळीत बसतो आणि कुंचल्याचा फटकारा लपवतो. बरव्यांच्या चित्रात एखादं पान, घड्याळ, ढग, शंख अशा वस्तू मोकळ्या अवकाशात सुट्या ठेवलेल्या दिसतात. मधली रिकामी जागा त्यांच्याइतकीच बोलते. १९९० साली आलेल्या त्यांच्या ‘कोरा कॅनव्हास’ या पुस्तकात वस्तू, तिची प्रतिमा आणि आठवण यांचा मराठीत एवढा नेटका विचार आहे, की चित्रकलेशी संबंध नसलेल्यानेही ते वाचावं.

बरव्यांकडून घ्यायची गोष्ट म्हणजे माध्यम निवडताना कारण हवं. पाटी रंगवायचा एनॅमल त्यांनी घेतला, तो त्यांच्या स्तब्ध, सपाट अवकाशाला हवा होता म्हणून.

हे मनात ठेवून पुन्हा पनवेलकडे यावं. या मुलखाचं चित्र करायचं ठरवलं, तर कोणतं सामान गोळा करावं लागेल?

पहिली माती. पनवेलच्या परिसरात दोन टोकांचे दोन रंग सहज मिळतात. वर माथेरानची लाल जांभ्याची माती, खाली खाडीचा करडा-काळा चिखल. उलव्याचा डोंगर या दोहोंहून वेगळा, काळ्या पाषाणाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींनी दख्खनभर ओतलेला हा बसाल्ट. मातीचा रंग करायची रीत जुनी आहे. माती वाळवायची, कुटायची, फडक्यातून चाळायची, मग डिंक किंवा आजकाल मिळणारं ॲक्रिलिकचं चिकट माध्यम घालून घोटायची. खाडीच्या चिखलाला मात्र आधी दोन-तीनदा पाण्यात कालवून, गाळ खाली बसू देऊन वरचं पाणी ओतून द्यावं लागतं. त्यातलं मीठ गेलं पाहिजे, नाहीतर वाळल्यावर चित्रावर पांढरी बुरशी आल्यासारखे डाग उठतात.

मीठ या भूमीच्या नावागावात मुरलेलं आहे. खारघर, खारकोपर या नावांमधला ‘खार’ रोज लोकलच्या उद्घोषणेत ऐकू येतो. आगरी समाजाचं नावच ‘आगर’ या शब्दाशी जोडलं जातं. आगर म्हणजे इथे मिठागर. समुद्राचं पाणी अडवायला बांध घालायचे, बांधाला उघाडी ठेवायची, ओहोटीला गोडं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीचं खारं आत येऊ द्यायचं नाही, अशी खारेपाटातली भातशेती पिढ्यान्पिढ्या चालली. बांध फुटला की खार आत येणार आणि शेत काही वर्षांसाठी गेलं. खाजण, बांध, उघाडी, खांड (बांधाला पडलेलं भगदाड), जिताडा (खाडीतला मासा) हे शब्द जिभेवर आहेत तोवर तो भूभाग काही प्रमाणात शिल्लक आहे.

मिठाचा चित्रातला उपयोग घरी करून पाहता येतो. जाडसर कागदावर निळ्या किंवा करड्या जलरंगाचा भरपूर ओला हात द्यावा. रंगाची ओली चकाकी मंदावू लागली, पण कागद अजून दमट आहे, अशा क्षणी खडे मिठाचे दाणे भुरभुरावेत आणि मग हात लावू नये. प्रत्येक दाणा भोवतालचं पाणी ओढून घेतो, पाण्याबरोबर रंगही सरकतो आणि दाण्याभोवती फिकट चांदणी उमटते. पूर्ण वाळल्यावर मीठ झटकून टाकलं की कागदावर सुकलेल्या खाजणासारखा पोत राहतो. घाई केली तर नुसता चिखल, उशीर केला तर काहीच नाही. भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळणाऱ्या माणसाला ही गोष्ट चित्रकारापेक्षा लवकर कळेल. मीठ मात्र नीट झटकायला हवं, कारण कोकणातल्या जुलै महिन्यात राहिलेला एक दाणासुद्धा हवेतली ओल खेचून कागद खराब करतो.

दुसरं सामान कागद. कोलाज करणारा चित्रकार जुने पेपर, पत्रं, तिकिटं लावतो. पनवेल-उरणच्या माणसाच्या पेटीतला सगळ्यात बोलका कागद म्हणजे सातबारा, जमिनीचा उतारा. या जमिनींचं काय झालं ते त्यात दिसतं. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी गोळीबार झाला आणि पाच जण मृत्युमुखी पडले. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा परत देण्याची योजना पुढे आली ती या लढ्यातून. विमानतळासाठी चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे, वाघिवली अशी दहा गावं आणि वस्त्या उठल्या. त्यांचे गट नंबर, हिस्से, वहिवाटदारांची नावं कागदावर अजून वाचता येतात. ज्या शेताची हद्द आज कुणालाच दाखवता येणार नाही, तिची आकारणी मात्र रुपये-पैशांत लिहिलेली आहे. असा उतारा चित्रात आला, म्हणजे त्याची छायाप्रत हो, मूळ कागद पेटीतच राहू द्यावा, तर त्यावर वेगळं भाष्य करायची गरज उरत नाही.

याच कागदांमध्ये जुनं पनवेलही सापडेल. इंग्रजी अमलातल्या गॅझेटियरमध्ये पनवेलची ख्याती बैलगाडीच्या चाकांसाठी होती. घाटावरून माल घेऊन उतरलेल्या गाड्या इथून चाकांची नवी जोडी घेऊन परतायच्या. आज शेजारच्या कळंबोलीत लोखंड बाजार आणि ट्रकांच्या रांगा आहेत. चाकं राहिली, लाकूड गेलं.

तिसरं सामान हातात धरता येत नाही. ते म्हणजे गाणं.

आगरी-कोळी लग्नात धवला म्हणणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात. घाणा, हळद, मांडव अशा प्रत्येक टप्प्याचं तिचं गाणं ठरलेलं. हे गाणं लिहिलेलं नसतं. आईकडून, सासूकडून, शेजारणीकडून कानोकानी आलेलं असतं. ‘धवला’ या शब्दाचं वय पाहिलं तर थक्क व्हायला होतं. महानुभाव पंथातल्या महदंबेने तेराव्या शतकात कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहावर रचना केली, तिचं नाव ‘धवळे’. तिला मराठीतली आद्य कवयित्री मानतात. विदर्भातल्या रिद्धपूरची महदंबा, पालघरची धवलेरी आणि पनवेलची धवलारीण या तिघींच्या तोंडी लग्नाच्या गाण्यासाठी एकच शब्द आहे. आता हळदीला डीजे आला. डीजेवरची आगरी गाणी जोरात चालतात, त्यांवर नाचणारी पोरंही याच मातीतली, त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण धवला ऐकायला माणसांनी गप्प बसावं लागतं, आणि ती गप्प बसायची वेळ लग्नाच्या वेळापत्रकातून निघून गेली.

गाणं चित्रात उतरवायचा उद्योग भारतीयांना नवा नाही. रागमालेच्या लघुचित्रांमध्ये तोडी म्हणजे वीणा घेतलेली एकटी स्त्री आणि तिच्या सुराला भुलून जवळ आलेली हरणं. मेघ म्हटलं की काळे ढग आणि पाऊस. दख्खनच्या दरबारांतही रागमाला रंगल्या. या चित्रांत रागाला नेहमी एक जागा असते, ऋतू असतो, दिवसाची वेळ असते; म्हणजे संगीताची आठवण निसर्गातच साठवलेली असते. युरोपात कांडिन्स्कीने उलटी वाट धरली. जानेवारी १९११ मध्ये म्यूनिकला शोनबर्गच्या संगीताची मैफल ऐकून आल्यावर त्याने जे चित्र रंगवलं, त्यात पिवळ्या रंगाचा मोठा लोंढा आहे आणि काळा पियानो त्यात जेमतेम ओळखू येतो. वाद्यं, वादक, श्रोते यांचं वर्णन करण्यापेक्षा त्याने आवाजाचं वजन रंगावर टाकलं.

धवल्याचं चित्र करणाऱ्याला या दोन्ही वाटांचा उपयोग आहे, पण धवल्याची स्वतःचीही एक रीत आहे: पुनरावृत्ती. तीच ओळ पुन्हा येते, एखादा शब्द बदलतो, नात्याचं नाव बदलतं, पुन्हा तीच ओळ. चित्रात याला जवळची गोष्ट म्हणजे तोच आकार पुन्हा पुन्हा उमटवणं, ठशाने, दोऱ्याने किंवा बोटाने, आणि दर खेपेला थोडा फरक पडू देणं. थरावर थर चढत जातात. खालचा ठसा वरच्यातून अर्धवट दिसतो, जसा गाणाऱ्या बाईच्या आवाजात तिच्या आईचा आवाज ऐकू येतो.

आपल्या गावची नाहीशी होत चाललेली जमीन हाच विषय घेऊन जगभर गेलेला मराठी चित्रकार हवा असेल, तर प्रभाकर पाचपुते यांचं नाव घ्यावं लागेल. १९८६ चा जन्म, गाव चंद्रपूर जिल्ह्यातलं सास्ती. कोळशाच्या खाणींनी वेढलेलं. घरातल्या मागच्या पिढ्या खाणीत राबलेल्या. पाचपुते यांनी माध्यम निवडलं कोळसा. थेट भिंतींवर काढलेल्या त्यांच्या मोठमोठ्या चित्रांत डोक्याच्या जागी दिवा किंवा अवजार असलेली माणसं आणि पोखरलेले डोंगर दिसतात. ज्या वस्तूने गावची जमीन खाल्ली, तिनेच त्या जमिनीचं चित्र. २०२१ साली वेल्समधल्या कार्डिफचा आर्टेस मुंडी पुरस्कार सहा कलावंतांना विभागून मिळाला, त्यांत ते होते. वेल्स हाही जुन्या कोळसा खाणींचा प्रदेश. तिथल्या माणसांना सास्तीची गोष्ट समजावून सांगावी लागली नसेल. पनवेलच्या आणखी जवळ, ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात पराग तांडेल यांनी कोळी समाजाच्या वस्तू, आठवणी आणि ज्ञान यांचा संग्रह उभारत शिल्पं आणि मांडणीशिल्पं केली आहेत. तिथेही खाडी हाच विषय आहे.

अर्थात माती चिकटवली की चित्र झालं, असं नाही. प्रदर्शनांमध्ये अशी कितीतरी कामं दिसतात, जिथे वाळू, गोणपाट आणि गंजका पत्रा नुसता पोत म्हणून येतो. कुठल्या गावचा, का आणला, याला उत्तर नसतं. उलट ठाण्याचे सुधीर पटवर्धन घ्या. पेशाने रेडिओलॉजिस्ट राहिलेल्या या चित्रकाराने ठाणे, उल्हासनगर, लोअर परळ यांचं बदलणं मुख्यतः कुंचला आणि रंगांनीच नोंदवलं. त्यांच्या चित्रात खडीचा कण नाही, तरी अर्धवट बांधलेल्या इमारतींच्या मागे दबलेली टेकडी बघताना ओळखीची वाटते. जागा डोळ्यांपुढे बदलत असेल तर बघणाऱ्याची नजर पुरते. जागा बघायलाच उरली नसेल तेव्हा सामानाची गरज लागते. उलव्याच्या बाबतीत ती वेळ आली आहे.

मिश्र माध्यमाचं चित्र टिकवणंही सोपं नाही. वर्तमानपत्राचा कागद काही वर्षांत पिवळा पडून ठिसूळ होतो, कोळसा पक्का केला नाही तर हाताला येतो, तांदळाच्या खळीला कसर लागते, जाड मातीचा थर कॅनव्हास गुंडाळला की तडकतो. म्हणून जाणकार चित्रकार जड सामानासाठी कापडापेक्षा लाकडी फळी पसंत करतात, आम्लविरहित कागद वापरतात आणि चित्रामागे कोणती वस्तू कुठून घेतली ते लिहून ठेवतात. शेवटची सवय सगळ्यात मोलाची. काही काळाने चित्रातली माती कोणत्या गावची, हे फक्त त्या चिठ्ठीवरूनच कळेल.

विमानतळाच्या आसपासची गावं अजून भरली-नांदती आहेत आणि उठलेल्या गावांतली माणसं नव्या वसाहतींत राहायला गेली आहेत. ज्यांच्या घरी धवला येणारी आजी किंवा मावशी आहे, त्यांनी येत्या रविवारी टीव्ही बंद करून तिला गायला सांगावं आणि फोनवर ते रेकॉर्ड करावं. सुरुवातीला तिचं गाव, तिच्या शेताचं नाव आणि ते कुठल्या बांधाच्या कोणत्या अंगाला होतं, तेवढं तिच्याच तोंडून वदवून घ्यावं. चित्र काढणारं पोर त्याच घरातून पुढे निघेल तेव्हा त्याच्या हाताशी सामान तयार असेल.